गॅझेटियर ते साक्ष : ग्रंथांतले नंदुरबार

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याच्या अर्वाचीन इतिहासावरची पुस्तके 'नंदुरबार' या नावाखाली शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. 1906 पर्यंत हा मुलूख अखंड खानदेशात होता, त्यानंतर पश्चिम खानदेशात आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर धुळे जिल्ह्यात. म्हणून जुन्या ग्रंथांत तो 'खानदेश' म्हणून भेटतो आणि 1970च्या दशकातल्या अभ्यासांत 'धुळे' किंवा 'शहादा' म्हणून. नवापूरच्या दक्षिणेची हकीकत डांगवरच्या पुस्तकांत आहे, नर्मदाकाठची बरीचशी मध्य प्रदेशावरच्या. अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर असे जिल्ह्याचे सहा तालुके. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 16,48,295. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 69 टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या इथल्या मुख्य जमाती.

देशाच्या अर्वाचीन इतिहासातली बहुतेक मोठी वळणे या भागाने जवळून पाहिली. पेशवाईचा शेवट, 1857चा उठाव, गांधीयुगातल्या चळवळी, 1942, भाषावार प्रांतरचना, हरितक्रांतीनंतरचा शेतजमिनीचा संघर्ष आणि मोठ्या धरणांवरचा वाद, सगळे इथे घडले. या प्रत्येक वळणावर लिहिले गेले, पण लिहिणारे हात बदलत गेले. आधी कंपनी सरकारचे अधिकारी, मग इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ, मग चळवळींतले कार्यकर्ते आणि सर्वांत शेवटी ज्यांचा हा इतिहास ते आदिवासी स्वतः. हात बदलला तशी घटना कशाला म्हणायचे याची व्याख्याही बदलली.

साहेबांची लेखणी

1818मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची येथे पोलिटिकल एजंट म्हणून नेमणूक झाली. सातपुडा आणि सातमाळा या दोन्ही डोंगररांगांतल्या भिल्ल नाईकांनी नव्या सरकारला सुखासुखी मान्यता दिली नाही. घाट राखण्याचे, गावकऱ्यांकडून ठरलेला हक्क घेण्याचे त्यांचे जुने अधिकार कंपनीला लूटमार वाटत होते. लष्करी मोहिमा झाल्या, नाईक पकडले गेले, फाशी गेले, तरी बंड शमेना. अरविंद देशपांडे यांच्या 'जॉन ब्रिग्ज इन महाराष्ट्र' (1987) या अभ्यासात या पहिल्या वर्षांतला जिल्हा कारभार तपशिलाने आला आहे.

1825मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांतल्या वायव्येकडच्या एजन्सीचे ठाणे कुकरमुंडा येथे होते. हे गाव आज गुजरातेत आहे. एजन्सीने भिल्लांना शेतीला लावायचे, तगाई द्यायची, जुने गुन्हे माफ करायचे आणि जे ऐकणार नाहीत त्यांच्यावर शस्त्र चालवायचे, अशी ही दुहेरी नीती होती. त्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातल्या बंडखोरांना डोंगरातल्याच माणसांकरवी आवरण्याचा तो प्रयोग होता.

या काळाची नोंद करणारी तीन साधने मुख्य आहेत. कॅप्टन डी. सी. ग्रॅहम यांनी 1843मध्ये खानदेशातल्या भिल्लांचा ऐतिहासिक आढावा लिहिला आणि तो 1856मध्ये मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांत छापला गेला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली 1880मध्ये मुंबई गॅझेटियरचा बारावा, म्हणजे खानदेशचा खंड निघाला. ए. एच. ए. सिमकॉक्स यांचे भिल्ल पलटणीवरचे पुस्तक 1912चे. या तिन्हींत माहिती भरपूर आहे. गॅझेटियरमध्ये पीकपाणी, बाजारहाट, रस्ते, किल्ले, जमातींच्या चालीरीती असे सगळे काही सापडते. पण तिन्हींची कथनाची चाल एकच आहे : आधी अराजक, मग साहेबांचे शहाणपण, मग शांतता. भिल्ल इथे बंदोबस्ताचा विषय म्हणून येतो. त्याने बंड का केले याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधले जाते, हिरावून घेतलेल्या हक्कांत क्वचितच.

1857च्या वेळीही हेच झाले. सेंधवा घाटाच्या राखणीचे काम केलेले खाज्या नाईक (सरकारी कागदांत काजरसिंग) आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात उठाव केला. सरकारी खजिना लुटला गेला आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीची लढाई झाली. उत्तरेतल्या उठावाच्या इतिहासग्रंथांत या लढाईला फार तर एखादी ओळ मिळते आणि सरकारी दप्तरात ती दरोडेखोरांच्या पारिपत्याच्या खाती पडते.

या दप्तराला उलटे वाचण्याचे काम विसाव्या शतकाच्या शेवटी झाले. सुमित गुहा यांचा 'एन्व्हायर्नमेंट अँड एथ्निसिटी इन इंडिया, 1200–1991' (1999) हा ग्रंथ जंगलातल्या जमाती जगापासून तुटून राहिल्या होत्या, हा समज खोडून काढतो. भिल्ल नाईक हे मैदानातल्या सत्तांशी तह करणारे, त्यांच्याकडून हक्क घेणारे आणि प्रसंगी त्यांना जेरीस आणणारे राजकीय घटक होते, असे गुहा दाखवतात. त्याच वर्षी आलेले अजय स्कारिया यांचे 'हायब्रिड हिस्टरीज' नवापूरला लागून असलेल्या डांगांवर आहे. डांगी माणसे आपला भूतकाळ ज्या गोष्टींतून सांगतात, त्यांवर स्कारियांनी इतिहास उभा केला. त्या गोष्टींत काळाचे दोन भाग पडतात : मोगलाई, म्हणजे मोकळेपणाने हिंडण्याचा काळ, आणि मंडिनी, म्हणजे हद्दी आखल्या गेल्यानंतरचा, इंग्रज आणि जंगलखात्याचा काळ. इथे 'मोगलाई'चा दिल्लीच्या मोगलांशी थेट संबंध नाही. सन-सनावळीऐवजी स्वातंत्र्य असणे आणि नसणे यावर काळाची विभागणी करणारी ही मांडणी सातपुड्याच्या बाजूलाही उपयोगी पडते. कारण जंगल राखीव होणे ही या साऱ्या पट्ट्यात सत्तांतरापेक्षा मोठी घटना होती.

देवी, आप आणि बेचाळीस

नोव्हेंबर 1922मध्ये दक्षिण गुजरातेतल्या आदिवासी गावांत मांडव पडू लागले. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. पालघरच्या किनाऱ्याकडच्या कोळी वस्त्यांत देवीच्या रोगाच्या शांतीसाठी सुरू झालेली ही लाट डोंगरातून डांग, सुरत आणि पश्चिम खानदेशच्या सीमेपर्यंत आली. डेव्हिड हार्डिमन यांनी 'द कमिंग ऑफ द देवी' (1987) या ग्रंथात तिचा माग काढला. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलून त्यांनी जी साधने मिळवली, ती सरकारी कागदांत नव्हती. या चळवळीला कोणी बाहेरचा पुढारी नव्हता. गांधींचे नाव तिच्यात नंतर मिसळले. सावकार आणि दारूविक्रेता यांच्या जोडगोळीविरुद्ध आदिवासींनी आपल्या श्रद्धेच्या भाषेत केलेली ही आर्थिक नाकेबंदी होती, असा हार्डिमन यांचा निष्कर्ष आहे.

पंधरा वर्षांनी तीच भाषा नंदुरबारच्या पोटात पुन्हा बोलली गेली. तळोदा तालुक्यातल्या मोरवड (रंजनपूर) येथे गुलाम महाराजांभोवती हजारो आदिवासी आरतीसाठी जमू लागले. एकमेकांना 'आप की जय' म्हणायचे, दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, असा हा आप धर्म. 1938मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. स्टीफन फुक्स यांच्या 'रिबेलियस प्रॉफेट्स' (1965) या ग्रंथात भारतातल्या अशा पंथप्रवर्तकांबरोबर या चळवळीचीही दखल आहे. फुक्स तिच्याकडे धार्मिक उद्धारकाची चळवळ म्हणून पाहतात. दारूचे ठेकेदार आणि जमीनदार यांना मात्र ती चांगलीच जाणवली होती, कारण गिऱ्हाईक आणि मजूर दोन्ही एकदम हातचे जात होते.

याच सुमाराला डेव्हिड सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींवर अहवाल दिला. 1936च्या आदेशानुसार नवापूर पेठा, तळोदा तालुका, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या सहा मेहवासी संस्थानिकांची गावे या क्षेत्रांत मोडत होती. कर्ज, वेठ आणि जमीन हातची जाणे यांचे सिमिंग्टन यांनी केलेले वर्णन गॅझेटियरच्या निवांत सुराच्या पुढचे आहे. सरकारी अहवाल असूनही तो सरकारला अडचणीचा ठरावा इतका स्पष्ट आहे.

9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबार शहरात 'भारत छोडो'च्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा असे पाच जण त्यात गेले. शहराच्या माणिक चौकातले हुतात्मा स्मारक त्यांचेच. शिरीषकुमारचे नाव शाळकरी मुलांच्या पुस्तकांत, चरित्रांत, बालवाङ्मयात पोचले आणि नंदुरबार हे नाव महाराष्ट्रभर त्याच्यामुळे ओळखले गेले. व्यापारी गुजराती घरातला मुलगा, शाळेतले सवंगडी, हातात तिरंगा, भर चौक : राष्ट्रीय चळवळीच्या कथेला हवे ते सारे या प्रसंगात होते.

सहा महिन्यांच्या आत, 2 मार्च 1943 रोजी, तळोदा तालुक्यातल्या रावलापाणी येथे रामदास महाराजांच्या अनुयायांवर इंग्रज फौजेने गोळ्या झाडल्या. नाल्यातल्या खडकांवर त्या गोळ्यांच्या खुणा दाखवल्या जातात. दर 2 मार्चला तेथे अभिवादनासाठी लोक जमतात. पण 1942–43च्या राष्ट्रीय इतिहासात रावलापाणीला जागा मिळायला फार वर्षे लागली. तेथे जमलेल्यांच्या हाती पक्षाचा झेंडा नव्हता, त्यांच्यातला कोणी वर्तमानपत्रांना बातमी कळवणारा नव्हता आणि त्यांची चळवळ काँग्रेसच्या खात्यात बसत नव्हती. दोन्ही जागांमधले अंतर फार नाही. दप्तरातले अंतर त्याहून खूप मोठे आहे.

नवी हद्द

1960च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने डांग जिल्हा गुजरातला गेलाच, शिवाय पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावेही गेली. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे नवापूर स्थानक त्या वाटणीची रोजची आठवण आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत असून मधल्या बाकावर राज्यांची सीमा रंगवलेली आहे. इतिहासाच्या अभ्यासावर या वाटणीचा परिणाम असा झाला की एकाच जमातीची, एकाच सोयरगतीतली गावे दोन राज्यांच्या ग्रंथसूचींत विभागली गेली. नर्मदेपलीकडची गावे मध्य प्रदेशात असल्याने तिसरी सूची तयार झाली. इथल्या वाचकाला आपल्या डोंगराचा इतिहास तीन राज्यांतून गोळा करावा लागतो.

शहाद्याचे पर्व

तापी आणि गोमाई यांच्या काठची शहाद्याची काळी जमीन 1960च्या दशकात विहिरी, कालवे आणि सहकार यांनी बदलली. कापूस, केळी, ऊस आला, साखर कारखाना आला. त्याच शिवारात भिल्ल मात्र सालदार म्हणून राबत होता. वर्षाचा करार, धान्य-कपड्यांत दिलेला मोबदला, उचलीचा न फिटणारा हिशोब. त्याच्या वाडवडिलांची जमीन कर्जापोटी बागायतदारांकडे गेलेली होती. पिकांच्या राखणीसाठी मोठ्या शेतकऱ्यांनी खासगी पथके ठेवली होती.

2 मे 1971 रोजी म्हसावदजवळच्या पाटीलवाडीत धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर जमीनदारांकडून गोळीबार झाला. या घटनेने चळवळीला तोंड फुटले. सर्वोदयी विचारांशी नाते असलेले अंबरसिंग महाराज सुरतवंती हे आदिवासींमधूनच पुढे आलेले नेते. त्यांच्याभोवती मुंबई-पुण्याकडून आलेली शिकलेली तरुण मंडळी जमली. 1972मध्ये भूमुक्ती मेळावा झाला आणि श्रमिक संघटना स्थापन झाली. ते दुष्काळाचे साल होते. गहाण गेलेली जमीन परत मिळवणे, सालदाराची मजुरी वाढवणे आणि दुष्काळी कामांवर रोजगार मिळवणे या तीन मागण्यांवर गावागावांत तरुण मंडळे उभी राहिली. बायकांनी दारूची मडकी फोडली. दारू गाळणाऱ्याला आणि बायकोला मारणाऱ्याला त्यांनी गावासमोर जाब विचारला. अंबरसिंग महाराज 1974मध्ये गेले, तरी चळवळ पुढे चालली.

या पर्वावरचे लेखन दोन थरांतले आहे. पहिला थर अभ्यासकांचा. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तून धुळे जिल्ह्यातल्या भिल्ल चळवळीवर सुरुवातीचे लेख आले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1976मध्ये 'जर्नल ऑफ पीझंट स्टडीज'मध्ये शहादा चळवळीचा दीर्घ अभ्यास छापला. भारतातल्या हरितक्रांतीने शेतमजुरांचे काय केले, या जागतिक चर्चेत त्यामुळे शहादा हे नाव गेले. मीरा सावरा आणि सुजाता गोठोस्कर यांनी शेतमजूर स्त्रियांच्या संघटनेवर स्वतंत्रपणे लिहिले. भारतातल्या नव्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याची दारूबंदी आज पहिल्या पानांवर येते, ती या लेखनामुळे. शहरी मध्यमवर्गीय स्त्रियांच्या संघटना पुरत्या उभ्या राहण्याआधी भिल्ल बायका दारू आणि मारहाण हा सार्वजनिक प्रश्न करून बसल्या होत्या.

दुसरा थर चळवळीत उतरलेल्यांचा, आणि तो मराठीत आहे. आयआयटीतून अभियंता होऊन शहाद्यात आलेले कुमार शिराळकर यांनी 'उठ वेड्या, तोड बेड्या' लिहिले. दीनानाथ मनोहर यांनी नंदुरबारलाच घर केले आणि कादंबरीचा मार्ग निवडला. 'कबीरा खडा बाजार में', 'मन्वंतर' या त्यांच्या कादंबऱ्यांत चळवळीच्या घोषणांपलीकडचे, कार्यकर्त्याच्या शंकांचे आणि त्याच्या ठरलेल्या विचारांना बसणाऱ्या धक्क्यांचे जग आहे. शोधनिबंधात न मावणारा भाग, म्हणजे बाहेरून आलेला माणूस आदिवासींना किती समजला आणि आदिवासी त्याला किती समजले, हा मराठी कादंबरीने उचलला. धुळ्याचे शरद पाटील यांनी वेगळी वाट धरली. 1978मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करून साक्री-नवापूर भागातल्या आदिवासींत काम करतानाच त्यांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी' (1982) लिहिली. वर्गाबरोबर जात आणि जमात यांचाही हिशोब केल्याशिवाय भारताचा इतिहास समजत नाही, ही त्यांची मांडणी अशा कामाच्या अनुभवातून आलेली आहे.

सालदारी सैल झाल्यावर आणखी एक प्रवाह वाढला. दिवाळी आटोपली की खानदेशातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात आणि हिशोब कोयत्यावर होतो : तोडणे पुरुषाकडे, पाला काढून मोळी बांधणे बाईकडे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकात बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या खानदेशी तोडणी कामगारांचा अभ्यास केला. पुढे 'ऑफ पीझंट्स, मायग्रंट्स अँड पॉपर्स' (1985) आणि 'फुटलूज लेबर' (1996) या ग्रंथांत त्यांनी दक्षिण गुजरातमधल्या असंघटित मजुरांचे व्यापक चित्र मांडले. सहकाराच्या यशोगाथेला जोडून वाचावीत अशी ही पुस्तके आहेत.

नर्मदाकाठ

1979मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा आला आणि सरदार सरोवराची उंची ठरली. धरण गुजरातेत आहे, पण त्याच्या फुगवट्यात महाराष्ट्राची 33 गावे येत होती. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, रस्ते-वीज नसलेली. अक्कलकुव्यातले मणिबेली त्यांत सर्वांत आधी बुडणारे. 1985मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मेधा पाटकर याच सुमारास खोऱ्यात आल्या आणि पुढे नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले.

या संघर्षाइतके लेखन देशातल्या फार थोड्या चळवळींच्या वाट्याला आले. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने जून 1992मध्ये दिलेला अहवाल हा त्यातला पहिला टप्पा. बँकेनेच नेमलेल्या या समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्प सदोष असल्याचे म्हटले. 1993मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. 1994च्या 'मणिबेली जाहीरनाम्या'त जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेचा पैसा थांबवण्याची मागणी केली. अक्कलकुवा तालुक्यातल्या एका गावाचे नाव त्यामुळे आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात गेले.

अमिता बाविस्कर यांचे 'इन द बेली ऑफ द रिव्हर' (1995) नदीच्या पलीकडच्या, अलिराजपूर भागातल्या अंजनवारा गावावर आहे, तरी ते अक्राणीच्या वाचकालाही आपले वाटावे असे आहे. आदिवासी म्हणजे निसर्गाचा जन्मजात राखणदार, ही शहरी प्रतिमा त्या तपासून पाहतात. जंगलात नेवाड काढून शेती करणारा, जंगलखात्याशी रोज झगडणारा, भावकीच्या भांडणांत गुंतलेला आणि तरीही धरणाविरुद्ध ठामपणे उभा राहणारा माणूस त्यांनी उभा केला. चळवळीबद्दल आस्था ठेवून तिच्या भाषेची चिकित्सा करणारे हे लेखन आहे. संजय संगवई यांचे 'द रिव्हर अँड लाइफ' (2000) आंदोलनाच्या आतून लिहिलेले आहे, तर आल्फ गुनवाल्ड निल्सेन यांचे 'डिस्पझेशन अँड रेझिस्टन्स इन इंडिया' (2010) चळवळीच्या उभारणीचे आणि मर्यादांचे समाजशास्त्र सांगते. अरुंधती रॉय यांचा 1999चा दीर्घ निबंध या सर्वांत जास्त वाचला गेला. मराठीत धरणग्रस्तांचे दुःख त्याआधीच विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती' (1991) या कादंबरीने वाचकांपर्यंत नेले होते, पण तिचा परिसर वेगळा. सातपुड्यातल्या धरणग्रस्तावर तशी मोठी मराठी कादंबरी रूढ झालेली नाही.

18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी धरणाचे काम पुढे नेण्यास मान्यता दिली, न्यायमूर्ती एस. पी. भरुचा यांचे मत वेगळे होते. 2017मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि 2019च्या पावसाळ्यात जलाशय 138.68 मीटर या पूर्ण पातळीला पहिल्यांदा भरला. तोवर काठच्या कुटुंबांतली काही तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत गेली होती, काही गुजरातेत आणि काही पाण्याच्या वर डोंगरउतारावर सरकून राहिली होती.

स्वतःची साक्ष

आदिवासींनी स्वतः आपला इतिहास सांगितला नव्हता असे नाही. तो छापला जात नव्हता. पावरा आणि भिलालांच्या इंदल पूजेत रात्रभर चालणाऱ्या गायनात सृष्टीच्या जन्मापासूनची कथा येते. राजा पांठा, गांडा ठाकूर, राणी काजल यांच्या गाथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. छापील पानावर पहिला ठळक आवाज उमटला तो वाहरू सोनवणे यांचा. शहादा चळवळीत घडलेल्या या भिल्ल कवीचा 'गोधड' हा संग्रह 1987चा. त्यातली 'स्टेज' ही कविता अनेक भाषांत गेली. आमच्या वतीने व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना, त्यांत चळवळीतले साथीही आले, तिने थेट प्रश्न विचारला. 1990मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सोनवणे यांनी लिखित साहित्यालाच साहित्य मानण्याच्या रीतीवर आक्षेप घेतला.

नर्मदाकाठी 1990च्या दशकात आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. अक्कलकुव्यातल्या चिमलखेडीची शाळा त्यांतल्या पहिल्यांपैकी. मुलांना मराठीच्या आधी पावरी-भिलालीतून शिकवायचे म्हणून त्या बोलींत वाचनसाहित्य तयार करावे लागले आणि बोली पाटीवर आली.

या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे नंदिनी ओझा यांनी संकलित केलेला 'लढा नर्मदेचा' (राजहंस प्रकाशन, 2017). अक्राणी तालुक्यातल्या निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या दोन नेत्यांची ही तोंडी साक्ष आहे. 2022मध्ये तिचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. गाव बुडण्याआधीचे जगणे, जंगलखात्याच्या माणसांशी चाललेले झगडे, बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांवर बसत गेलेला विश्वास, दिल्लीपर्यंतचे मोर्चे आणि अंतर्गत मतभेद, हे सारे त्यात लढणाऱ्याच्या बाजूने येते. इतर पुस्तकांत निमगव्हाणसारखी गावे बाधितांच्या यादीत दिसतात. इथे निर्णय घेणारी, रणनीतीवर वाद घालणारी माणसे बोलतात. ज्येष्ठ इतिहासकारांनी डांगांत आणि सुरतेत तोंडी साधने वापरली, पण निवेदन इतिहासकाराचे राहिले. इथे प्रश्न विचारणारी बाजूला होते आणि सांगणारा लेखकाच्या जागी येतो.

चार गोळीबार, चार नोंदी

या सगळ्या ग्रंथांना एकत्र ठेवून पाहिले की एक विषमता समोर येते. नंदुरबार परिसरात अर्ध्या शतकात चार गोळीबार ठळकपणे नोंदले गेले. 1942च्या गोळीबाराला शालेय पुस्तके आणि स्मारक मिळाले. 1943च्या रावलापाणीला दीर्घकाळ लोकस्मृतीवर राहावे लागले. 1971च्या पाटीलवाडीला इंग्रजी नियतकालिकांतले अभ्यासलेख मिळाले. नोव्हेंबर 1993मध्ये धडगाव तालुक्यात धरणाच्या सर्वेक्षणाला विरोध चालू असताना पोलीस गोळीबारात रेहमल पुण्या वसावे हा आदिवासी मुलगा मारला गेला. त्याची नोंद मुख्यतः आंदोलनाच्या कागदपत्रांत आहे. गोळी कोणी झाडली आणि ती कोणाला लागली, यावर घटनेची जागा ठरत गेली. परक्या सरकारची गोळी शहरातल्या विद्यार्थ्याला लागली तर तो राष्ट्राचा इतिहास. तीच आदिवासी भक्ताला लागली तर स्थानिक हकीकत. जमीनदाराची गोळी हा शेतीप्रश्न आणि स्वराज्यातल्या पोलिसांची गोळी हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय.

त्यामुळे इथला इतिहास वाचताना एका प्रकारच्या पुस्तकावर भागत नाही. गॅझेटियरशिवाय जमीन, जंगल आणि हद्दी यांचा तपशील कळत नाही. गुहा, स्कारिया, हार्डिमन यांच्याशिवाय त्या तपशिलामागचे राजकारण दिसत नाही. शहाद्यावरच्या अभ्यासांशिवाय स्वातंत्र्यानंतरचा शेतीतला वर्गसंघर्ष समजत नाही, आणि सोनवणे, केशवभाऊ, केवलसिंग यांच्याशिवाय हे सारे ज्यांच्यावर घडले त्यांचा निवाडा ऐकू येत नाही. कामे उरलेली आहेत. हार्डिमन, स्कारिया, बाविस्कर यांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि ज्यांच्या आजोबांच्या तोंडून ही साधने गोळा झाली त्या गावांतल्या वाचनालयांत ते पोचलेले नाहीत. आप धर्माचा सविस्तर, साधनांनिशी लिहिलेला इतिहास, सातपुड्यातल्या 1857ची जिल्हानिहाय मांडणी आणि पुनर्वसन वसाहतींतल्या दुसऱ्या पिढीची हकीकत हे विषय अभ्यासकांची वाट पाहत आहेत. पहिल्या दोन विषयांची सरकारी बाजू दप्तरखान्यांत आहे. तिसऱ्याचे साक्षीदार सोमावळ, तळोदा, शहादा परिसरात आज हयात आहेत, म्हणून ते काम आधी होणे गरजेचे आहे.